जोडणी चालू असताना

कांदे सरकत्या पट्ट्यावर ठेवता ठेवता एल्डनचा हात मध्येच थांबला. तसं पाहिलं तर काहीच झालं नव्हतं. टुसॉनमधलं नेहमीचंच दुकान, शनिवारची नेहमीचीच रांग. गल्ल्यावरची बाई त्याच्या मुलीची, जोलीनची, शाळेतली मैत्रीण निघाली. दोघींच्या चार जुन्या गोष्टी झाल्या, आणि मग त्या बाईने एल्डनच्या बायकोकडे, मार्लिसकडे, नजर टाकून, आवाज उतरवून विचारलं, की आईंना हे असं एकाएकी कसं झालं? जोलीन कापडी पिशव्या उलगडत होती. न थांबता म्हणाली, "एकाएकी कसलं? आईचा स्वभाव तुला माहीत नाही. काही दुखलं-खुपलं तरी तोंडातून अक्षर काढायची नाही. सकाळपासून काहीतरी होत असणार तिला. वेळेवर सांगितलं असतं तर आज बोलत असती." यात जोलीनच्या मनात वाईट काही नव्हतं. अकरा महिन्यांत तिने हे डॉक्टरांना, मावशीला, शेजाऱ्यांना इतक्यांदा सांगितलं होतं की आता आईला मासे आवडत नाहीत हे सांगावं तितक्या सहज ती हे सांगे. मार्लिस शेजारीच उभी होती, डावा हात ढकलगाडीच्या दांड्यावर. तिची वाचा गेली होती. ऐकू सगळं येत होतं आणि कळतही सगळं होतं. तिने मान वळवून एल्डनकडे पाहिलं. त्या बघण्यात राग असता तर एल्डनला बरं वाटलं असतं. किती वाजले ते बघायला भिंतीवरच्या घड्याळाकडे बघावं तसं तिने पाहिलं, आणि मग ती पट्ट्यावरून पुढे चाललेल्या कांद्यांकडे बघू लागली.

त्यानंतर चार दिवस एल्डनला धड जेवण गेलं नाही. चौतीस वर्षं त्याने शहराच्या बस डेपोत इंजिनं दुरुस्त केली होती. कुठला आवाज काळजीचा आणि कुठला नुसताच जुनाटपणाचा, हे त्याला लांबून कळे. मार्लिसचं ते बघणं काळजीचं होतं. यापूर्वीही जोलीन हे वाक्य बोलली होती, मार्लिसने ऐकलं होतं, पण ती अशा वेळी खाली बघे किंवा भिंतीकडे. त्याच्याकडे तिने पहिल्यांदाच पाहिलं होतं. आणि तिने पाहिलं तेव्हा हातात कांदा धरून तो गप्प उभा होता. सकाळपासून काहीतरी होत असणार, हे जोलीनचं म्हणणं खरंच होतं. आई बोलली नाही, एवढंच तेवढं खोटं होतं. ती बोलायला आली होती. त्याच्या समजुतीप्रमाणे हे दोनच माणसांना ठाऊक होतं, त्यातलं एक बोलू शकत नव्हतं आणि दुसरं बोलत नव्हतं.

ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, घेऊन वाळवंटातून हिंडणाऱ्या लोकांची एक रीत आहे. माणूस गाडीला ट्रेलर जोडत असेल तर त्याच्याशी बोलायचं नाही. पिकअपच्या मागचा लोखंडी गोळा ट्रेलरच्या वाटीखाली नेमका आणायचा, वाटी त्यावर उतरवायची, खटका दाबायचा, खटक्यात खीळ घालायची, साखळ्या अडकवायच्या, दिव्यांची तार जोडायची, चाकं अडवायला लावलेल्या उट्या काढायच्या. यातलं एक जरी राहिलं तरी पुढे घाटात काय होईल ते सांगता येत नाही. म्हणून कोणी असा गुडघ्यांवर बसलेला दिसला की शेजारीपाजारी माना वळवतात, रामराम शामराम नंतर करतात. एल्डन या बाबतीत सगळ्यांहून कडक. यूमाजवळ एकदा एका ओरेगॉनच्या माणसाला जोडणी चालू असताना कोणीतरी मासे पकडल्याची गोष्ट सांगत बसला, आणि खीळ त्या माणसाच्या खिशातच राहिली. पहिल्याच उतारावर ट्रेलरने आपला वेगळा रस्ता धरला. माणसं वाचली, पण गोष्ट सांगणारा त्यानंतर कुठल्याच हिवाळ्यात कोणाला तोंड दाखवायला आला नाही. ही हकिगत एल्डन प्रत्येक नव्या माणसाला ऐकवत असे, चांगली रंगवून. मार्लिसला तर ती पाठ होती. तिला त्याने नुसता पंजा वर केला तरी पुरे.

त्या दिवशीही त्याने पंजाच वर केला होता. अकरा महिन्यांपूर्वी, फेब्रुवारीत, आहो गावाबाहेरच्या, ट्रेलर उभे करायच्या पार्कमधून दोन आठवडे राहून निघायच्या सकाळी. तो जोडापाशी गुडघे टेकून बसला होता. खडीवरून चालत मार्लिस आली आणि म्हणाली, "एल्डन, ऐक ना." त्याने वर न बघता पंजा दाखवला. ती तिथेच उभी राहिली. त्याला तिचे पाय तेवढे दिसत होते, निळ्या कापडी बुटांतले. उजव्या बुटाची नाडी सुटलेली होती. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात मार्लिस कधी सुटल्या नाडीने दाराबाहेर पडली नव्हती. नातेवाइकांच्या पोरांच्या नाड्या ती रस्त्यात थांबवून बांधायची. हे सगळं एल्डनला तेव्हा आठवलं होतं का? आठवलं नसावं. पण नाडी त्याला दिसली होती. नाडी सुटलीय, एवढं त्याच्या मनाने म्हटलंही होतं. "एल्डन," ती पुन्हा म्हणाली, आणि तो म्हणाला, "मार्लिस, जोडणी चालू आहे." निळे बूट थोडा वेळ खडीवर तसेच राहिले. मग वळले. खीळ त्याने नीट घातली, साखळ्या अडकवल्या, सगळं जिथल्या तिथे झालं, आणि रस्त्याला लागेपर्यंत ती काही बोलायला आली होती हे तो विसरूनही गेला. पुढे सेल्स गावापाशी कुठेतरी त्याला ते आठवलं. तिने उजवा हात डाव्या हातात धरून मांडीवर ठेवला होता. गारठा आहे म्हणून असेल. घरी गेल्यावर विचारू, असं त्याने ठरवलं. घरी सामान काढायचं होतं. संध्याकाळी पाच वाजता ती स्वयंपाकघरात पडली.

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरणीने तीनतीनदा विचारलं होतं, शेवटची धडधाकट केव्हा होती? एल्डन म्हणाला, आत्तापर्यंत ठीक होती, दुपारी सँडविच खाल्लं तिने. यातला सँडविचचा भाग खरा होता. डॉक्टरणीने लिहून घेतलं. दोन दिवसांनी कोणीतरी पुन्हा विचारलं, की सकाळी काही लक्षण, हातापायात मुंग्या, बधिरपणा? तेव्हा जोलीनच मध्ये म्हणाली, "असेल तरी ती सांगणार थोडीच." एल्डनने मान हलवली नाही, नाकारलंही नाही. नुसतं होऊ दिलं. फार मोठा गुन्हा करायला फार मोठी हिंमत लागत असेल. त्याला तर काहीच लागलं नव्हतं. मुलीने आयतं वाक्य हातात दिलं, आणि ते त्याने खिशात टाकलं. त्यानंतर ते परत काढून द्यायला रोज थोडा उशीर होत गेला.

ट्रेलर बाहेर काढायचं त्याने बुधवारी ठरवलं. एकच रात्र, त्याच पार्कमध्ये. रविवारी जायचं, सोमवारी यायचं. जोलीन कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. म्हणाली, बाबा, तुम्हाला कळतंय का काय बोलताय, आईला तिथे काही झालं तर जवळ धड दवाखाना नाही, आणि तुमच्या एका रात्रीच्या हौसेसाठी तिला तीन तास गाडीत बसवणार? हौस नाही, असं तो म्हणाला. मग काय आहे ते त्याला सांगता येईना. घरात त्याला बोलताच येत नव्हतं. फ्रिजवर जोलीनने लावलेले गोळ्यांचे कागद, टेबलावर वाचा-उपचाराची चित्रं, कप, किल्ली, कुत्रा, आणि मार्लिस रोज सकाळी त्यांच्यासमोर बसून तिच्याकडे उरलेल्या तीन शब्दांपैकी एकेक त्यांना देऊन बघे. हो, नको, आणि रविवार. रविवार कुठून राहिला ते कोणालाच कळलं नाही. कपालाही ती रविवार म्हणे आणि कुत्र्यालाही. त्या टेबलाशी बसून सांगणं त्याला शक्य नव्हतं. जागेवर गेलं की शब्द आपोआप येतील, अशी त्याने समजूत करून घेतली. या कल्पनेबद्दल मनातल्या मनात त्याने स्वतःला थोडी शाबासकीही दिली. मार्लिसला विचारलं, जायचं का? समोरची चित्रं बाजूला सारून ती म्हणाली, "हो."

रस्ता तोच, डोंगर तेच, दोन्ही बाजूंना हात वर करून उभे असलेले तेच सहुआरो निवडुंग. मध्ये सरहद्द पोलिसांच्या तपासणी नाक्यावर गणवेशातल्या माणसाने खिडकीत वाकून विचारलं, की दोघंही इथलेच नागरिक ना? मार्लिसने स्वच्छ, खणखणीत आवाजात सांगितलं, "रविवार." त्या माणसाने एल्डनकडे पाहिलं, एल्डनने समजावलं, माणसाने ओशाळून टोपीला हात लावला. शंभर पावलं पुढे गेल्यावर मार्लिसच्या घशातून कसलासा आवाज आला. एल्डन दचकला. ती हसत होती. आज खरोखरच रविवार होता. तोही हसायला लागला, इतका की गाडी कडेला घ्यावी लागली. कित्येक महिन्यांत दोघं एकत्र हसले नव्हते. डोळे पुसता पुसता त्याला वाटलं, आत्ता. आत्ताच सांगून टाकावं. पण मागून मोठा ट्रक भोंगा वाजवत आला, त्याने गाडी रस्त्यावर घेतली, आणि मग ती वेळ राहिली नाही. निदान त्याने स्वतःला तसं सांगितलं. खरं तर ट्रक निघून गेल्यावर रस्ता चाळीस मैल रिकामाच होता.

पार्कमध्ये त्यांना मागच्या वर्षीच्या शेजारचीच जागा मिळाली. ट्रेलर मागे घ्यायची वेळ आली तेव्हा मार्लिस न सांगता उतरली, एक पाय जरा ओढत मागे गेली आणि डावीकडे, आरशात दिसेल अशी उभी राहिली. तिने डावा हात वर केला. पूर्वी ती दोन हातांनी खुणा करायची, आणि एल्डन खिडकीतून डोकं काढून ओरडायचा, की अगं नीट दाखव, डावं म्हणजे माझं की तुझं? ट्रेलरवाल्या नवराबायकोंची अर्धी भांडणं याच वेळी होतात, आणि शेजारी सभ्यपणे पुस्तकात नाक खुपसून ती ऐकतात. आज एल्डनने डोकं बाहेर काढलं नाही. आरशात एक हात होता आणि तो बोलत होता. ये. ये अजून. जरा तिकडे. एवढं नाही, कमी. आता सरळ. हळू, मागे नळाचा खांब आहे. बास. पुरी वाक्यं होती ती, कुठे अडखळणं नाही, शब्दासाठी चाचपडणं नाही. ट्रेलर पहिल्याच खेपेला बरोबर बसला होता. तरी त्याने तो पुढे काढला आणि पुन्हा मागे घेतला, नुसतं तिला आणखी एकदा बोलताना बघायला म्हणून. तिला ते कळलं असावं. दुसऱ्या वेळी तिने हात घाईघाईने हलवला आणि थांबायची खूण करून सरळ पायऱ्यांकडे चालू लागली.

चार वाजता रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी आपापल्या घडीच्या खुर्च्या आणून गोल मांडला. ज्याचा त्याने पेला आणायचा आणि एखादी खायची वस्तू. मक्याची पोळी होती, घेवड्याचं तिखट वाटण होतं, आणि अल्बर्टाहून आलेल्या एका जोडप्याने केलेलं काहीतरी गोड होतं, जे सगळ्यांनी एकदाच घेतलं. जुनी माणसं मार्लिसला भेटून गेली. तिच्याशी बोलताना प्रत्येक जण आवाज चढवत होता, जशी काही ती बहिरी झाली होती. फक्त आर्डिथ काही बोलली नाही. तिने मार्लिसला जवळ घेतलं आणि बराच वेळ सोडलंच नाही. आर्डिथ नेब्रास्काची, सत्तरी उलटलेली विधवा. आपला छोटा ट्रेलर स्वतः हाकत एकटी येते, आणि मागच्या वर्षी यांच्या अगदी शेजारी होती. ऊन कलायला लागलं, लोक एकेक करून खुर्च्या मिटून गेले, तरी ती बसून राहिली. शेवटी तीनच खुर्च्या उरल्या.

तिने सुरुवात केली तेव्हा एल्डनला वाटलं ही तब्येतीची चौकशी करणार. पण आर्डिथ त्या सकाळबद्दल बोलत होती. मार्लिस निरोप घ्यायला तिच्याकडे आली होती, हातात कॉफीचा कप होता, तो सुटून पडला. दोघी हसल्या. मग मार्लिस वाकून नाडी बांधायला लागली आणि बोटं ऐकेनात. "ती म्हणाली, बघ गं, हात माझा नाहीच असं वाटतंय. मी म्हटलं, इथे बसू नकोस, आधी जा आणि एल्डनला सांग. ती गेली. मी खिडकीतून बघितलं ना, तुझ्याशेजारी जाऊन उभी राहिली. वाटलं, आपणही जावं. मग म्हटलं, जोडणी चालू आहे, आपण कशाला मध्ये तोंड घाला, ती सांगतेयच. बाहेर आले तोवर तुम्ही निघून गेला होतात." आर्डिथने पेला खाली ठेवला. "अकरा महिने हे मला खातंय, एल्डन. मला एकच सांग. तिने तुला काय सांगितलं?"

एल्डनने अकरा महिने एक आशा जपून ठेवली होती. मार्लिस त्या सकाळी काय सांगायला आली होती हे शेवटी कोणाला ठाऊक होतं? कॉफीचं भांडं आत बांधून ठेवलंस का, एवढंच विचारायला आली असेल. तेवढंच असेल. ती आशा आता त्याच्या डोळ्यांदेखत संपली. आणि आशा जाता जाता त्या आशेचेच शब्द त्याच्या जिभेवर आले. मार्लिस समोरच बसली होती, मांडीवर शाल, नजर त्याच्यावर. सगळं इथे होतं, जागा होती, विचारणारं माणूस होतं. "काही विशेष नाही," एल्डन म्हणाला. "कॉफीचं भांडं आत ठेवलं का, एवढंच विचारलं तिने."

आर्डिथने सुस्कारा सोडला. तिच्या खांद्यांवरचं ओझं उतरल्याचं दिसलं, आणि क्षणभर एल्डनला आपण तिच्यावर उपकार केले असंही वाटून गेलं. मग ती मार्लिसकडे वळली. तिचा हात हातात घेऊन, अगदी मायेने म्हणाली, "अगं बये, मग सांगितलं का नाहीस गं? मी एवढं सांगून पाठवलं होतं तुला."

त्या सकाळबद्दल मार्लिसच्या बाजूने बोलू शकेल असं एल्डनखेरीज जगात एकच माणूस होतं, आणि ते त्याने आत्ता तिच्याविरुद्ध फिरवलं होतं. मार्लिसने हात सोडवून घेतला. "नको," ती म्हणाली. खुर्चीच्या दांड्यावर भार देऊन उठली, शाल खडीवर पडली ती तिने उचलली नाही, आणि आत गेली. दमली असेल बिचारी, आर्डिथ म्हणाली. हो, एल्डन म्हणाला, दमली असेल.

रात्री ती भिंतीकडे तोंड करून झोपली. त्याने पेले धुतले, शाल झटकून घडी केली, दोनदा तिचं नाव घेतलं. ती जागी होती.

सकाळी तो लवकर उठून कामाला लागला. हात रिकामे ठेवायची त्याला भीती वाटत होती. पाण्याची नळी सोडली, सांडपाण्याची नळी धुऊन गुंडाळली, अँटेना खाली घेतली. पिकअप मागे आणला, पहिल्या फटक्यात गोळा वाटीखाली बसला. खटका, खीळ, साखळ्या, तार. एकही गोष्ट चुकली नाही, आणि चुकत नाही याचीच त्याला आज किळस आली. इतकी वर्षं ज्या कामासाठी त्याने सगळ्यांची तोंडं बंद केली ते हे एवढंसं काम होतं. मध्ये कोणी चार शब्द बोललं तर माणूस पुन्हा पहिल्यापासून तपासून बघू शकला असता. पाच मिनिटं गेली असती. पाच मिनिटांसाठी त्याने तिला परत पाठवलं होतं. आता फक्त दिवे बघायचे राहिले. त्यासाठी कोणीतरी मागे उभं लागतं. त्याने पिकअपमध्ये बसून डावा दिवा लावला आणि आरशात पाहिलं. मागे कोणी नव्हतं. त्याने वाट पाहिली. अल्बर्टावाला आपल्या दारात दात घासत उभा होता, त्याने पाहिलं आणि रिवाजाप्रमाणे पाठ फिरवली. दिवा टिकटिक करत राहिला. पेटतोय की नाही हे सांगायला कोणी आलं नाही, तेव्हा एल्डनने इंजिन बंद केलं आणि तो ट्रेलरच्या पायऱ्या चढला.

मार्लिस छोट्या टेबलाशी बसली होती. अंगावर कोट, केस विंचरलेले, कुठेतरी जायला तयार असल्यासारखी. तो समोरच्या बाकावर बसला. शब्द आपोआप वगैरे काही आले नाहीत. त्याला ते एकेक करून ओढून काढावे लागले. तो म्हणाला, की तुझी नाडी सुटलेली मला दिसली होती. तू दोनदा हाक मारलीस तीही ऐकू आली. रस्त्यात तू हात धरून बसली होतीस तेही बघितलं. वाटलं, नंतर विचारू. "आणि मग मी ते तुझ्यावर ढकललं, मार्लिस. जोलीनने ढकललं आणि मी ढकलू दिलं. काल तर मी स्वतःच ढकललं." एवढं बोलून तो रडला. मोठ्या माणसाने कोंडलेलं रडावं तसा, आवाज न करता, तोंड वाकडं करून. आता तिचा हात आपल्या हातावर येईल असं त्याला वाटत होतं. पंचेचाळीस वर्षं तो येत आला होता. तो वाट बघत राहिला.

हात आला, पण टेबलावरून फोन सरकवत. तो तिने त्याच्यासमोर ठेवला. त्यावर जोलीनचा फोटो उघडलेला होता. तो आत येण्याआधीच तिने तो शोधून ठेवला होता.

एल्डनने डोळे पुसले. म्हणाला, हो, हो, सांगायचंच आहे, घरी गेल्यावर समोरासमोर सांगतो, असं फोनवर बरं दिसत नाही. "नको," मार्लिस म्हणाली. तो म्हणाला, आज सोमवार, ती कामावर असेल, चार लोकांत उगाच. "नको." तो म्हणाला, निदान दिवे तेवढे बघून घेऊ, मग रस्त्यात कुठेतरी थांबून. यावर तिने नकोही म्हटलं नाही. ती नुसती बसून राहिली, ताठ, आणि ती तशी दुपारपर्यंत किंवा पुढच्या हिवाळ्यापर्यंतही बसून राहील हे त्याला समजलं. त्याने बटण दाबलं.

दुसऱ्याच घंटेला जोलीनने उचलला. "बाबा? आई ठीक आहे ना?"

"ठीक आहे. समोर बसलीय," एल्डन म्हणाला. "जोलीन, त्या दिवशी सकाळी तुझी आई सांगायला आली होती."

"काय सांगायला?"

"हात बधिर झालाय म्हणून. दोनदा हाक मारली. मी जोडणी करत होतो. मी तिला बोलू दिलं नाही." तिकडे मागे कुठल्यातरी कचेरीतले आवाज येत होते, कोणीतरी हसत होतं. "तू सगळ्यांना सांगतेस ना, ती बोलली नाही म्हणून. ती बोलली होती. मी दवाखान्यातही सांगितलं नाही, तुलाही सांगितलं नाही."

त्याने शिव्यांची तयारी ठेवली होती. जोलीन रागीट होती, लहानपणापासून. ती ओरडेल, तो ऐकून घेईल, आणि ऐकून घेतल्याने काहीतरी फिटेल असा त्याचा हिशेब होता. पण तिकडे दार लागल्याचा आवाज झाला, कचेरीतले आवाज बंद झाले, आणि जोलीन अगदी हळू म्हणाली, "आईला द्या."

"जोलीन, मी..."

"तुम्ही नको. आईला द्या फोन."

त्याने फोन पुढे केला. मार्लिसने तो डाव्या हाताने घेतला आणि कानाला लावला. टेबल लहान होतं. पलीकडचं त्याला ऐकू येत होतं. "आई," जोलीन म्हणाली, "मी वर्षभर सगळ्यांसमोर तुला," आणि तिला पुढे बोलवेना. मग नुसतं रडणं ऐकू येऊ लागलं, मोठ्या बाईचं, दार लावून एकटीने केलेलं. मार्लिसने डोळे मिटून घेतले.

एल्डन समोर बसून होता. आपण एकीचेच अपराधी आहोत असं तो अकरा महिने समजत आला होता. कालपर्यंत आपलं खोटं आपण एकदाही स्वतःच्या तोंडाने बोललो नाही, याचं त्याला कुठेतरी बरंही वाटत असे. ते बोलायला त्याने मुलीला लावलं होतं. दवाखान्यात, मावशीकडे, दुकानात, आईच्या तोंडावर, पुन्हा पुन्हा, आणि प्रत्येक वेळी तो शेजारी उभा होता. तिला आता ते प्रत्येक ठिकाण आठवत असणार.

"हो," मार्लिस फोनमध्ये म्हणत होती. "हो. हो." तिने बाकावर अंग वळवलं, खिडकीकडे, त्याच्याकडे पाठ करून, आणि फोन दुसऱ्या हाताच्या आधाराने घट्ट कानाशी धरला. तो उजवा हात नीट वर येत नव्हता. एल्डन मदतीला अर्धा उठला, तिने तो हात आपला आपण वर नेला, आणि एल्डन पुन्हा खाली बसला.